सांधा दिसला पाहिजे

अभिजात नाटकांच्या चित्रकथा कराव्यात का, हा वाद पाऊणशे वर्षांहून जुना आहे. अमेरिकेत १९४१ साली सुरू झालेल्या 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड' मालिकेने शेक्सपिअरची काही नाटके चौकटींत बसवली. आपल्याकडे १९६७ मध्ये 'अमर चित्र कथा' सुरू झाली आणि कालिदासाची शकुंतला, शूद्रकाची वसंतसेना बत्तीस पानांत मुलांच्या हाती आली. २००७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये 'मांगा शेक्सपिअर' आणि 'क्लासिकल कॉमिक्स' या मालिका निघाल्या आणि तोच वाद नव्याने पेटला. या वादात दोन्ही बाजू 'चित्र मूळ कृतीशी इमान राखते का' असे विचारतात, पण इमान मोजायचे कसे याबद्दल फारसे बोलत नाहीत. ज्या क्षेत्रात चित्राच्या खरेपणाची सर्वांत कडक तपासणी झाली आहे ते क्षेत्र म्हणजे जीवशास्त्र, आणि माझ्या मते या वादाचा निकाल करायला तिथली कसोटी उपयोगी पडते. जुन्या शास्त्रार्थात प्रतिपक्षाचे म्हणणे आधी आणि पूर्ण ताकदीने मांडायचे असते. इथेही तोच क्रम ठेवतो.

पूर्वपक्ष : नाटक हे मुळात अपुरे लिहिलेले असते आणि त्याचे सामर्थ्य त्या अपुरेपणातच असते. मॅकबेथला खून करायला जाताना हवेत खंजीर दिसतो. तो खंजीर कसा आहे, तो खरोखर आहे की त्याच्या डोक्यातला भ्रम आहे, हे संहिता सांगत नाही. नट रिकाम्या हवेकडे पाहतो आणि प्रेक्षक त्याच्या नजरेतून तो पाहतात. उद्याचा नट वेगळा पाहील. चित्रकार मात्र एकदाच आणि कायमचे ठरवून टाकतो. शिवाय शब्दांचे काय? 'हॅम्लेट' पूर्ण उभे केले तर चार तास लागतात. फुग्यात दोन-तीन ओळींहून जास्त मजकूर घातला की चित्र दबते, म्हणजे कापाकापी अटळ. 'अभिज्ञानशाकुंतला'त राजा संस्कृत बोलतो, शकुंतला प्राकृत बोलते, विदूषक ब्राह्मण असूनही प्राकृतच बोलतो. भाषांचे हे थर म्हणजे त्या समाजाचा नकाशाच आहे. चित्रकथेत सगळे एकाच छापाच्या अक्षरांत एकच भाषा बोलतात. आणि सर्वांत वाईट म्हणजे वाचून झाल्यावर मुलाला वाटते की आपण शाकुंतल वाचले.

उत्तरपक्ष : शेवटची भीती खरी आहे, तिच्याकडे येऊच. आधी 'मूळ' या कल्पनेकडे पाहू. 'हॅम्लेट'च्या तीन जुन्या छापील प्रती आहेत : १६०३ ची पहिली क्वार्टो, १६०४-०५ ची दुसरी, आणि १६२३ चा फोलिओ. दुसरी क्वार्टो पहिलीच्या जवळजवळ दुप्पट आहे, आणि चौथ्या अंकातले हॅम्लेटचे एक पूर्ण स्वगत दुसऱ्या क्वार्टोत आहे पण फोलिओत नाही. आज रंगभूमीवर जो हॅम्लेट दिसतो तो या प्रतींतून कुणीतरी निवडून, जोडून तयार केलेला असतो. कालिदासाचेही तसेच. महाभारतातल्या शकुंतलोपाख्यानात दुर्वासाचा शाप नाही, अंगठीही नाही. तिथे दुष्यंताला सारे आठवत असते, तरी तो भर दरबारात तिला नाकारतो. शाप आणि अंगठी आणून कालिदासाने राजाचा अपराध विस्मरणात बदलला. आधीच्या कथेवर केलेला इतका मोठा फेरफार कोणत्याही चित्रकथेने केलेला नसेल. आपली मराठी रंगभूमी तर अशा फेरफारांवरच उभी राहिली. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात 'संगीत शाकुंतल' आणले तेव्हा श्लोकांच्या जागी पदे आली. आगरकरांनी 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, शिरवाडकरांनी 'मॅकबेथ'चा 'राजमुकुट'. या कृतींना आपण वाङ्मयाच्या इतिहासात मानाची जागा देतो, कारण त्यांत एका समर्थ वाचकाने मूळ नाटक कसे वाचले ते दिसते. चित्रकाराच्या वाचनालाही तेवढा अवकाश मिळायला हवा.

आणि चित्राने रिकामी जागा बुजते, हा आक्षेप तर कालिदासानेच सहाव्या अंकात तपासून पाहिला आहे. स्मृती परत आल्यावर दुष्यंत शकुंतलेचे चित्र काढतो. त्याचे समाधान होत नाही. मालिनी नदी, तिच्या काठचे हंस, हिमालयाचा पायथा, हरिणे, वल्कले वाळत घातलेला वृक्ष, असे काय काय काढायचे राहिले ते तो विदूषकाला सांगत बसतो. मग चित्रातला भुंगा शकुंतलेच्या ओठाशी येतोय असे वाटून तो त्या भुंग्याला धमकावू लागतो. हे चित्र आहे, अशी आठवण विदूषकाला करून द्यावी लागते. लपून पाहणारी सानुमतीसुद्धा तोवर ते विसरलेली असते. या प्रसंगात चित्राने राजाची कल्पनाशक्ती मुळीच मिटवलेली नाही. उलट जे काढलेले नाही त्याची यादी चित्रामुळेच तयार झाली. पहिल्या अंकात हाच भुंगा शकुंतलेला सतावत होता आणि राजा झाडाआडून पाहत होता. तो प्रसंग चित्रात आला आणि राजाला पुन्हा जगावा लागला. नाटककाराला चित्राची भीती वाटत नव्हती, याचा इतका भक्कम पुरावा दुसऱ्या कुठल्या अभिजात नाटकात मिळेल असे मला वाटत नाही.

पूर्वपक्ष : तुम्ही माझ्याच हातात शस्त्र दिलेत. राजा चित्राला खरे मानून बसला, हेच तर मी म्हणतो आहे. पदे गाणारा नट नाटक करतो आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते, पण चित्राला डोळे पटकन शरण जातात. तुम्ही जीवशास्त्राची कसोटी म्हणालात, तर तिथलेच उदाहरण घ्या. अर्न्स्ट हेकेलने १८६८ च्या आपल्या ग्रंथात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण सुरुवातीला किती सारखे दिसतात हे दाखवायला तीन चित्रे शेजारी शेजारी छापली. ती एकाच लाकडी ठशाची तीन छापे होती. बाझेलच्या रुटिमायर या प्राणिशास्त्रज्ञाने ती चोरी त्याच वर्षी पकडली. तरी हेकेलने १८७४ मध्ये काढलेला भ्रूणांचा मोठा तक्ता पुढे शंभर वर्षे पाठ्यपुस्तकांत फिरत राहिला. १९९७ मध्ये मायकेल रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खऱ्या भ्रूणांची छायाचित्रे छापली तेव्हा फरक किती मोठे आहेत ते जगाला दिसले. विज्ञानात एक सोपे चित्र इतके टिकते, तर कालिदासाच्या सोप्या चित्राला कोण अडवणार?

उत्तरपक्ष : हेकेलचे उदाहरण मी मनापासून स्वीकारतो, कारण दोष नेमका कुठे होता ते त्यातून कळते. त्याने तपशील गाळले, हा त्याचा दोष म्हणता येणार नाही. गाळल्याशिवाय जीवशास्त्रात काहीच दिसत नाही. कामिल्लो गोल्जीने १८७३ मध्ये चेतापेशी रंगवण्याची जी रासायनिक रीत शोधली तिचे मोल एका विचित्र गोष्टीत आहे : त्या रीतीने मोजक्याच पेशी काळ्या होतात, बाकीच्या पारदर्शक राहतात. सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर सूक्ष्मदर्शकाखाली नुसता काळा ठिपका दिसला असता. त्याच रीतीने रंगवलेल्या काचपट्ट्या पाहून गोल्जीला मेंदूत अखंड जाळे दिसले, आणि सांतियागो रामोन इ काहालला १८८८ मध्ये सुट्या पेशी दिसल्या, ज्यांची टोके एकमेकींजवळ येऊन थांबतात. काहाल एका चित्रात अनेक छेदांतले तपशील एकत्र करायचा, पुष्कळ वेळ पाहून मग काढायचा. म्हणजे त्याचे चित्र हे कुठल्याही एका काचपट्टीचे हुबेहूब रूप नव्हतेच. १९०६ चे नोबेल दोघांना वाटून मिळाले आणि गोल्जीने आपल्या नोबेल व्याख्यानात काहालच्या सिद्धान्तावरच हल्ला केला. दोन पेशींमधली ती फट साधारण वीस नॅनोमीटरची असते आणि प्रकाशाच्या साध्या सूक्ष्मदर्शकाला दोनशे नॅनोमीटरहून बारीक काही वेगळे करून दाखवता येत नाही. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ती दिसली तोवर काहालची रेघ हे एक वाचनच होते, पुराव्यावर बेतलेले आणि उघडपणे वादाला ठेवलेले. प्रथिनांचेही तेच. जेन रिचर्डसन यांनी १९८१ मध्ये हाताने काढलेल्या फितीच्या आकृत्यांत हजारो अणू गाळलेले आहेत. ते गाळले म्हणूनच प्रथिनाची घडी डोळ्यांना दिसू लागली, आणि आज जगभरच्या संगणकांवर प्रथिने त्याच फितींनी काढली जातात.

मग हेकेल आणि काहाल यांच्यात फरक कोणता? हेकेलने जोड लपवली. एकच ठसा तीनदा वापरला आणि तो तीन वेगळ्या निरीक्षणांसारखा मांडला. आजच्या जीवशास्त्राने याच ठिकाणी आपले नियम बांधले आहेत. 'जर्नल ऑफ सेल बायॉलॉजी'ने २००२ पासून स्वीकारलेल्या निबंधांतली चित्रे छापण्याआधी तपासायला सुरुवात केली. तिथला एक नियम मला फार मोलाचा वाटतो. वेगवेगळ्या जेलांवरचे पट्टे एकाच आकृतीत शेजारी ठेवायचे असतील तर ठेवा, पण त्यांच्यामध्ये रेघ किंवा मोकळी जागा दिसलीच पाहिजे, आणि खालच्या मजकुरात तसे सांगितलेच पाहिजे. उजळपणा बदलायचा असेल तर पूर्ण चित्राचा सारखा बदला. म्हणजे निवडायला बंदी नाही, जुळवायला बंदी नाही, फक्त सांधा झाकायला बंदी आहे. हा नियम किती गरजेचा आहे ते एलिझाबेथ बिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०१६ च्या पाहणीतून कळले : चाळीस नियतकालिकांतल्या २०,६२१ निबंधांपैकी ३.८ टक्क्यांत चित्रांची गैर पुनरावृत्ती सापडली.

आता हाच नियम हातात धरून ग्राफिक नॉव्हेलचे पान उघडा. या कलेत दोन चौकटींमध्ये पांढरी फट असतेच. इथे काहीतरी कापले आहे, इथे वेळ गेला आहे, इथे नजर बदलली आहे, हे वाचकाला प्रत्येक पानावर सात-आठ वेळा सांगितले जाते. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये 'अंडरस्टँडिंग कॉमिक्स'मध्ये या फटीलाच कलेचे केंद्र मानले, कारण मधले वाचक स्वतः भरतो. रंगभूमीवर मात्र काप दिसत नाही. दिग्दर्शकाने 'हॅम्लेट'मधून फोर्टिनब्रास पूर्ण काढून टाकला तर नाटक न वाचलेल्या प्रेक्षकाला त्याचा पत्ताही लागत नाही. खंजिराचेही पाहा. रंगमंचावर खंजीर एक तर दिसतो किंवा दिसत नाही. चित्रकार मात्र एका चौकटीत मॅकबेथच्या डोळ्यांतून खंजीर दाखवू शकतो आणि लगेच पुढच्या चौकटीत दालनाच्या दुसऱ्या टोकाकडून रिकाम्या हवेत हात पसरलेला एकटा माणूस. दोन्ही शक्यता एकाच पानावर, मधल्या फटीसकट. तुम्ही म्हणालात चित्रकार कायमचे ठरवून टाकतो. वाईट चित्रकार टाकतो. चांगल्याला न ठरवण्याची सोय या माध्यमाने दिलेली आहे.

पूर्वपक्ष : पण काहालला शेवटी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक भेटला. मॅकबेथच्या खंजिराला कोण भेटणार? विज्ञानात चित्राच्या मागे निसर्ग उभा असतो. तिथे चूक ही चूक ठरते. कलेत 'हे माझे वाचन' म्हटले की सगळे खपते.

उत्तरपक्ष : हा फरक खरा आहे आणि तो पुसण्याचा प्रयत्न मी करणार नाही. खंजीर खरा होता की नाही हे कधीच सिद्ध होणार नाही, व्हायलाही नको. पण चित्रकथेच्या मागे निसर्ग नसला तरी संहिता उभी असते, आणि तिच्याशी ताडून पाहता येते. बँकोच्या भुताचे घ्या. फोलिओत स्पष्ट रंगसूचना आहे की भूत येते आणि मॅकबेथच्या जागी बसते. खंजिरासाठी मात्र तशी कोणतीही सूचना नाही. म्हणजे एका अदृश्य गोष्टीसाठी नाटककाराच्या रंगभूमीने नट उभा केला आणि दुसरीसाठी केला नाही. जी चित्रकथा दोन्ही सारख्याच धुरकट रेषेत काढील तिने संहितेतला एक पुरावा गमावला, असे ठामपणे म्हणता येते. तसेच शाकुंतलाच्या पाचव्या अंकाचे. दरबारात शकुंतला नाकारली जाते तेव्हा प्रेक्षकाला शाप ठाऊक असतो, तिला ठाऊक नसतो. त्या अंकाचा सारा ताण या असमान माहितीतून येतो. चित्रकथेने तिथे 'शापामुळे राजा विसरला होता' अशी पट्टी चौकटीवर डकवली तर प्रसंग सोपा होतो आणि मरतो, कारण मग वाचक शकुंतलेच्या चेहऱ्याकडे न पाहता खुलाशाकडे पाहतो. असे दोष दाखवता येतात, मोजता येतात, दुरुस्त करता येतात. 'माझे वाचन' म्हणून सुटका होत नाही.

आणि सांधा दाखवणारे चित्रकार आहेत. अमेरिकेच्या गॅरेथ हाइन्ड्सने शेक्सपिअरची बरीच नाटके चित्रांत आणली. २०१३ च्या त्याच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट'मध्ये गाव व्हेरोनाच आहे, पण ज्युलिएटचे घराणे भारतीय वंशाचे आणि रोमिओचे आफ्रिकी वंशाचे दाखवले आहे. ही निवड का केली, हे त्याने पुस्तकातच आपल्या शब्दांत सांगितले आहे. ती निवड तुम्हाला पटो वा न पटो, वाद घालायला ती समोर ठेवलेली आहे. शोधनिबंधातल्या आकृतीखाली कोणते रंजन वापरले, किती पट मोठे केले, मोजपट्टी किती मायक्रॉनची, हे लिहिलेले असते. हाइन्ड्सचे टिपण तेच काम करते.

पूर्वपक्ष : समजा हेही मान्य केले. तरी मूल शिकते काय? चित्र पाहणे सोपे असते म्हणूनच प्रकाशक ते विकतात. सोपे आहे म्हणजे मेंदूला काम कमी.

उत्तरपक्ष : मेंदूला काम कमी पडते, हे गृहीत धरायचे कारण नाही. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी १९८० मध्ये दाखवले की वाक्यात अर्थाला न जुळणारा शब्द आला की सुमारे चारशे मिलिसेकंदांनी मेंदूच्या विद्युत्‌लहरीत एक ठरावीक उतार येतो. नील कोन आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये तोच मापदंड 'पीनट्स'च्या शब्द नसलेल्या चित्रपट्ट्यांना लावला. चौकटी विस्कटल्या तेव्हा तो उतार वाढला, नीट क्रमाच्या पट्टीत सर्वांत कमी राहिला. शिवाय अर्थ जुळत नसूनही कथेचा सांगाडा शाबूत आहे की तोही मोडला आहे, हा भेदही मेंदूने वेगळा नोंदवला. म्हणजे चौकटी वाचताना मेंदू अर्थ आणि रचना दोन्ही जुळवत असतो, आणि वाक्य वाचताना दिसणाऱ्या कामाशी त्याचे नाते आहे. पण हा प्रयोग छोट्या, विनोदी पट्ट्यांवर झाला. त्यावरून 'हॅम्लेट'ची चित्रकथा वाचणाऱ्याला हॅम्लेट कळला असे म्हणणे म्हणजे हेकेलचाच रस्ता धरणे होईल.

शिकण्याच्या पुराव्याबाबतही तेवढेच सावध राहायला हवे. जीवशास्त्रज्ञ आणि चित्रकार जे हॉसलर यांनी डोळ्याच्या उत्क्रांतीवर 'ऑप्टिकल अल्यूजन्स' ही चित्रकथा केली, महाविद्यालयीन वर्गात वापरली, आणि २०११ मध्ये बूमर यांच्यासह तिचा अभ्यास छापला. जीवशास्त्र हा मुख्य विषय नसलेल्या विद्यार्थ्यांचे ज्ञानही वाढले आणि विषयाकडे पाहण्याची वृत्तीही सुधारली. निष्कर्ष आशादायक आहे, पण पुस्तकाचा कर्ता आणि अभ्यासाचा कर्ता एकच आहे, हे विसरून चालणार नाही. दुसऱ्या बाजूला हार्प आणि मेयर यांनी १९९८ मध्ये दाखवले की विषयाशी संबंध नसलेली पण आकर्षक चित्रे आणि तपशील घातले की वाचकाला मुख्य मुद्दे कमी आठवतात. दोन्ही एकत्र वाचले तर जो धडा मिळतो तो चित्रकारासाठी कठोर आहे : चित्राने नाटकाचेच काम केले पाहिजे. मॅकबेथच्या किल्ल्याचे देखणे बुरूज काढण्यात चार पाने गेली आणि लेडी मॅकबेथचे हात धुणे एका कोपऱ्यात गेले, तर ते पुस्तक कितीही सुंदर असले तरी नाटकाला हानी करते.

मुलाला वाटते की आपण शाकुंतल वाचले, या तुमच्या सुरुवातीच्या भीतीचे उत्तरही इथेच आहे. सांधा दिसत असेल तर तसे वाटणार नाही. कोणती प्रत धरली, कोणते प्रवेश गाळले, हे एका पानावर छापले तर वाचकाला त्या पलीकडे काही आहे हे कळते आणि तिथे जाण्याची वाटही मिळते. 'क्लासिकल कॉमिक्स'ने त्याच चित्रांवर तीन वेगळ्या आवृत्त्या काढल्या : एकीत शेक्सपिअरचे मूळ शब्द, दुसरीत आजची इंग्रजी, तिसरीत अगदी थोडे शब्द. तिन्ही शेजारी ठेवल्या की काय गळाले ते शाळकरी मुलालाही ओळ ओळ दाखवता येते. भारतीय अभिजात नाटकांसाठी असे कुणी करायला हवे, याची मला फार निकड वाटते.

राहिला भाषेच्या थरांचा आक्षेप. तिथे मी तुमच्या बाजूचा आहे. वृत्ताचा नाद चौकटीत येत नाही, आणि संस्कृत-प्राकृताची उतरंड एका भाषेत आणताना मोडते. पण हे नुकसान चित्रामुळे झालेले नाही. ते भाषांतरात आधीच झालेले असते, आणि छापील मराठी शाकुंतलातही ते बहुधा तसेच राहते. चित्रकथेला उलट इथे थोडे काही करता येईल, कारण तिच्यात अक्षराचे वळणही बोलते. सहाव्या अंकाच्या आरंभी माशाच्या पोटात राजाची अंगठी सापडलेला धीवर पकडला जातो, शिपाई त्याला दरडावतात, आणि तो मागधी बोलतो. मराठी चित्रकथेत त्याचे फुगे किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या बोलीत लिहिता येतील, राजाचे फुगे ग्रंथांच्या मराठीत, आणि दोन्हींचे हस्ताक्षर वेगळे ठेवता येईल. त्यात धोका आहेच. मागधीची जागा कोळ्यांच्या बोलीला देणे म्हणजे आजच्या एका समाजावर जुन्या नाटकातली पायरी लादणे ठरू शकते, आणि ज्यांची ती बोली आहे त्यांनी हरकत घेतली तर ती ऐकावी लागेल. म्हणून ही निवड कोणी केली, कशासाठी केली आणि मूळ धीवर कोणती भाषा बोलत होता, हे त्या प्रवेशाच्या पानावरच लिहिलेले असावे.